नाल आणि डाग : एका क्रियापदाची कथा

आपण मराठीत घोड्याला नाल ठोकतो आणि गुरांना डाग देतो. कामे निराळी, म्हणून शब्दही निराळे. स्पॅनिश भाषेत मात्र या दोन्ही कामांना एकच क्रियापद आहे : ‘एर्रार’. नालेने खुराचे रक्षण होते. डागाने मालकाचा हक्क सांगितला जातो. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले?

शब्दाचे मूळ लॅटिन ‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड. त्यापासून इटालियन ‘फेर्रारे’, पोर्तुगीज ‘फेर्रार’ आणि फ्रेंच ‘फेरे’ ही क्रियापदे झाली. गोव्यातील ‘फेरेरा’ हे आडनावही याच मुळाचे. स्पॅनिशमध्ये पुष्कळ शब्दांतील आरंभीच्या ‘फ’चा ‘ह’ झाला आणि पुढे तो ‘ह’ही उच्चारातून गळाला, लिहिण्यात तेवढा उरला. त्यामुळे ‘नाल ठोकणे’ आणि ‘चुकणे’ ही दोन क्रियापदे स्पॅनिश माणसाच्या कानाला सारखीच लागतात. भेद एका मुक्या अक्षराचा!

म्हणजे मूळ अर्थ ‘लोखंड लावणे’ एवढाच. ते कोठे आणि कशासाठी लावावयाचे, हे ज्या त्या धंद्याने ठरविले. फ्रान्समध्ये मासा गळाला लागताच झटका देऊन गळ त्याच्या तोंडात रुतविणे, हेही ‘फेरे’च. रेल्वेच्या मार्गाला तेथे ‘लोखंड घातलेली वाट’ म्हणतात. आणि एखाद्या विषयात तयार असलेल्या माणसाला ‘नाल ठोकलेला’ म्हणतात. नाल मारलेला घोडा खडकाळ वाटेवर डगमगत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दातील गौरव कळतो.

परंतु लोखंड तापवूनही लावता येते. सोळाव्या शतकात स्पॅनिश विजेत्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम केले आणि त्यांच्या अंगावर, पुष्कळदा चेहऱ्यावरच, तापल्या लोखंडाने खुणा उठविल्या. युद्धात पकडलेल्यांसाठी ‘युद्ध’ या स्पॅनिश शब्दाचे आद्याक्षर ठरलेले होते. या कृत्यालाही शब्द तोच, ‘एर्रार’. 1542 च्या कायद्यांनी तेथील रहिवाशांना नव्याने गुलाम करण्यास बंदी घातली.

स्पॅनिश अकादमीच्या कोशात नाल ठोकण्याच्या अर्थाबरोबरच गुलाम व गुन्हेगार यांना डागण्याचा अर्थही नोंदलेला आहे. तो तेथे राहावा हेच योग्य. माणसाला जनावरांच्या रांगेत उभे केले गेले होते, याची साक्ष त्या एका नोंदीत आहे.