कुत्र्याची उलटी आणि शिऱ्यातले बेदाणे

कुत्रा ओकला की आपण विचारतो, काय खाल्लं? त्याआधी बघा, कसा ओकला. पोट आत-बाहेर होऊन, उबळ येऊन पडते ती उलटी. नुसती मान खाली घातली आणि न पचलेलं अन्न घरंगळून आलं, तर ते बहुधा अन्ननलिकेतून परत आलं. दोन्हींची कारणं वेगळी, तपासही वेगळा. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. पशुवैद्याला त्याचा फार उपयोग होतो.

उलटीचं केंद्र मेंदूच्या तळाशी असतं. तिथल्या एका भागात रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर विरळ असल्यामुळे रक्तातलं विष लगेच 'कळतं'. पोट-आतड्यांची खबर व्हेगस मज्जातंतू आणतो. मारोपिटंट हे औषध या केंद्राकडचा संदेश अडवतं. उलटी थांबते, पण आतड्यात अडकलेली आंब्याची कोय तिथेच राहते! म्हणून उरलेली गोळी आपल्या मनाने देऊ नका.

आता आपल्या स्वयंपाकघरातलं. द्राक्षं-बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे बरीच वर्षं माहीत होतं. का, ते कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीएच्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षांत त्याचं प्रमाण कमी-जास्त असतं, त्यामुळे एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत, तर दुसरा थोडक्यात आजारी, हे कोडंही सुटतं. आणि चिंचेत हे आम्ल द्राक्षांहून कितीतरी जास्त! म्हणजे प्रसादाचा शिरा आणि चिंचेचा कोळ, दोन्ही कुत्र्याच्या तोंडापासून लांब. पहिली खूण बहुतेकदा उलटीच असते, पहिल्या 24 तासांत. ती थांबली म्हणून निर्धास्त होऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसू शकतो. खाल्ल्याचं कळताच, उलटीची वाट न पाहता फोन करा.

सनाबिससारख्या ठिकाणी आणखी एक कारण धरावं लागतं: उन्हाळा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून, तोंडातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने थंड होतो. खाडीकाठच्या दमट हवेत ते बाष्पीभवनच मंदावतं. उष्माघातात आतड्याचं अस्तर दुखावतं आणि उलटी-जुलाब, कधी रक्तही येतं. फिरून आल्यावर जोरात धापा आणि उलटी दिसली, तर अंगावर पाणी ओतत, पंखा लावत लगेच दवाखाना गाठा.

मोठा, खेळता कुत्रा एकदाच ओकला आणि शेपूट हलवतोय, तर काही तास पाहायला हरकत नाही. पिल्लू, वारंवार उलटी, रक्त, फुगलेलं पोट किंवा नुसत्याच कोरड्या उबळी असतील तर थांबू नका. मीठ-पाणी पाजून ओकवायचा जुना उपाय मात्र करूच नका. रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच झटके येऊ शकतात.