गावरान कोंबड्यांना जंत झाले तर काय करायचं? आणि औषध दिल्यावर अंडी खायची का?

अंडं फोडलं आणि आत पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत निघाला. असं खरंच होऊ शकतं का? तर हो. फार क्वचित होतं, पण होतं.

कोंबडीची विष्ठा आणि अंडं शेवटी एकाच वाटेनं बाहेर पडतं. आतड्यातला एखादा जंत तिथपर्यंत आला की चुकून अंडवाहिनीत शिरतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात अडकतो. दिसायला किळसवाणं असलं तरी कोंबडीचा हा जंत माणसाच्या पोटात वाढत नाही. असं अंडं टाकून द्यायचं आणि खुराड्याकडे लक्ष द्यायचं, कारण आपल्या कोंबड्यांना जंत झाले असल्याची ती पक्की खूण आहे.

पुण्यात कोंबड्या पाळतंय कोण, असा प्रश्न पडला असेल तर जरा शहराच्या कडेला जाऊन बघा. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, किरकटवाडी, पिसोळी ही त्यातलीच. गावं शहरात आली म्हणून परसातली खुराडी एका दिवसात उठत नाहीत. जागा मात्र कमी होत जाते. आधी शेतभर हिंडणाऱ्या दहा कोंबड्या आता एका गुंठ्यात फिरतात. जंतांचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

जंत येतात कुठून?

कोंबड्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो मोठा गोल जंत. शास्त्रीय नाव अ‍ॅस्कॅरिडिया गॅली. हा पांढरा असतो, पाच ते दहा-अकरा सेंटीमीटर लांब वाढतो आणि लहान आतड्यात राहतो. त्याची मादी हजारो अंडी घालते आणि ती विष्ठेतून जमिनीवर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत त्या अंड्यांमध्ये अळी तयार होते. कोंबडी माती उकरून दाणे टिपते तेव्हा ही अंडीही पोटात जातात. पुढच्या पाच ते आठ आठवड्यांत जंत मोठा होतो आणि पुन्हा अंडी घालायला लागतो.

ही अंडी ओलसर, सावलीच्या मातीत कित्येक महिने टिकतात. पुण्यात जून ते सप्टेंबर हा त्यांच्या सोयीचा काळ. जागा जितकी कमी आणि चिखल जितका जास्त, तितकं हे चक्र वेगानं फिरतं.

याशिवाय आणखी तीन पाहुणे असतात. आंधळ्या आतड्यातला बारीक जंत, केसासारखा पातळ जंत आणि पट्टकृमी. पट्टकृमी थेट विष्ठेतून पसरत नाही. मुंग्या, भुंगे, माश्या, गोगलगायी असे जीव खाल्ले की तो कोंबडीच्या पोटात पोचतो.

ओळखायचं कसं?

कोंबडी नीट खाते, पण वजन उतरतं. हातात धरली की छातीचं हाड बोचतं. तुरा फिका पडतो, पिसं विस्कटलेली दिसतात, पातळ हगवण लागते, अंडी कमी होतात. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना सगळ्यात जास्त त्रास होतो. जंत खूप झाले तर आतडं तुंबून पिल्लू दगावतंही.

पण अशी लक्षणं दुसऱ्या आजारांतही दिसतात. पिल्लांच्या विष्ठेत रक्त असेल तर रक्ती हगवण असू शकते. ती एका सूक्ष्मजीवामुळे होते आणि जंताच्या औषधानं बरी होत नाही. मान वाकडी होणं, लकवा, हिरवट हगवण ही मानमोडीची लक्षणं आहेत. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं.

आणखी एक. कोंबडी अधूनमधून चॉकलेटी रंगाची, चिकट विष्ठा टाकते. ती आंधळ्या आतड्यातली असते आणि अगदी नॉर्मल असते.

खात्री करायचा सोपा उपाय म्हणजे विष्ठेची तपासणी. सकाळची ताजी विष्ठा चार-पाच ठिकाणांहून स्वच्छ डबीत घ्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात आणि जंत कोणता आहे हेही कळतं.

कोणतं औषध कशावर?

जंत कोणता हे कळणं गरजेचं आहे, कारण एकच औषध सगळ्यांवर चालत नाही. पायपेराझिन मोठ्या गोल जंताला लुळं करतं, मग तो विष्ठेतून बाहेर पडतो. बाकीच्या जंतांवर त्याचा फारसा उपयोग नाही. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल आणि लेव्हामिसोल यांचा आवाका मोठा आहे. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल वापरतात.

घरात अल्बेंडाझोलची गोळी पडलेली असते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, मुलांना शाळेत हीच दिली जाते. ती ४०० मिलिग्रॅमची असते आणि माणसासाठी बनवलेली असते. दीड किलोच्या कोंबडीला अंदाजानं तुकडा मोडून देऊ नका. डोस जास्त झाला तर कोंबडीला धोका. कमी झाला तर कणखर जंत जगतात आणि पुढच्या वेळी औषध लागू पडत नाही.

शेजारी कबुतरं पाळली असतील तर जास्तच जपा. फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल कबुतरांना विषारी ठरू शकतं. औषधाचं पाणी त्यांच्या वाटेत ठेवू नका.

औषध द्यायचं कसं?

आधी वजन करा. कोंबडीला कापडी पिशवीत ठेवून काट्यावर टांगलं की काम झालं. त्या वजनावरून डॉक्टर डोस ठरवतील.

औषध पाण्यातून द्यायचं असेल तर ते सकाळी द्या आणि तेवढ्या वेळेपुरती पाण्याची बाकीची भांडी उचला. आजारी कोंबडी पाणी कमी पिते, म्हणजे जिला औषधाची गरज जास्त तिलाच ते कमी मिळतं. तिला ड्रॉपरनं, चोचीच्या कडेनं, थेंब थेंब पाजा. घशात एकदम ओतलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

बऱ्याच औषधांनी मोठे जंत मरतात, जमिनीवरची अंडी तशीच राहतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. पहिल्या डोसनंतर कोंबडी तरतरीत दिसली की अनेक जण इथेच थांबतात आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच सुरू होतं.

मग अंडी खायची का?

औषधाचा अंश काही दिवस अंड्यात उतरतो. हे दिवस औषधागणिक बदलतात. बाटलीवर ते छापलेले असतील तर तेवढे दिवस पाळा, नसतील तर डॉक्टरांना विचारा. तोवरची अंडी खायची नाहीत आणि विकायचीही नाहीत. उकडल्यानं औषध निघून जाईलच असं नाही. गावरान अंडं लोक जास्त पैसे देऊन, बहुतेकदा लहान मुलांसाठी घेतात. त्यामुळे विकणाऱ्यानं हे पाळायलाच हवं.

लसूण, हळद, पपईच्या बिया?

रील्समध्ये हे उपाय भरपूर दिसतात. थोड्या प्रमाणात दिल्यानं सहसा बिघडत नाही. पण जंतांनी पोट भरलेल्या कोंबडीला एवढ्यावर सोडणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

परत होऊ नये म्हणून

खुराड्यातली विष्ठा रोज काढा. खाली भाताचं तूस किंवा भुसा घाला आणि ओला झाला की बदला. दाणे जमिनीवर फेकण्यापेक्षा भांड्यात द्या. पाण्याच्या भांड्याभोवती चिखल होऊ देऊ नका. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. जागेचे दोन भाग करून आलटून पालटून कोंबड्या सोडता आल्या तर उत्तम, कारण ऊन आणि कोरडेपणा जंतांच्या अंड्यांना मारक असतो.

पहिला डोस साधारण दीड-दोन महिन्यांच्या वयात आणि नंतर दर तीन महिन्यांनी, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. मानमोडीची लस द्यायची असेल तर आठवडाभर आधी जंतनाशक उरकून घ्या.

मदत कुठे मिळेल?

सगळ्यात आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. कोंबड्या का मरतात हे कळतच नसेल, तर डॉक्टरांमार्फत नमुने पुण्यातच औंधला, पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात तपासता येतात.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या : विष्ठेची डबी, कोंबड्यांची वजनं आणि याआधी कोणतं औषध कधी दिलं त्याची तारीख.