दहा हजारांची शिशी आणि दोनशेंचा फाया

दसऱ्याच्या संध्याकाळी पुतण्याने सोने हातावर ठेवले, पायांना हात लावला आणि उठता उठता हळूच विचारले, "काका, दहा हजार रुपये हप्त्याने फेडायचे म्हटले तर महिन्याला किती पडतील?"

मला वाटले, स्वारी गाडी घेते आहे. तसे असते तर मी आनंदाने हिशेब करून दिला असता. पण चिरंजीवांना हवी होती सुगंधाची एक शिशी! तुळशीचे लग्न आटोपले की तुमसरला मुलगी पाहायला जायचे ठरले आहे. मुलीचा भाऊ पुण्यात कंपनीत आहे म्हणे. तेव्हा आपणही 'तसे' दिसले पाहिजे, आणि दरवळलेही पाहिजे, असा बेत. त्याचा पगार महिना बारा हजार, तोही मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभे राहून मिळवलेला. म्हणजे शंभर मिलिलिटर सुगंधासाठी जवळजवळ महिन्याभराचा घाम!

शिशीचे नाव 'सोव्हाज'. पॅरिसच्या डिऑर कंपनीची, २०१५ साली निघालेली. मी म्हणालो, "अरे, हाच वास आपल्या बाजारात दोनशे रुपयांत मिळतो."

"तो डुप्लिकेट, काका. लोकांना लगेच कळते."

"कोणाला कळते?"

"सगळ्यांना."

या 'सगळ्यांना' शब्दाने मला चेव आला. मी म्हटले, ठीक आहे, आपल्या घरातल्या सगळ्यांना विचारू.

पुण्याहून सुटीवर आलेल्या त्याच्या एका मित्राकडे खरी बाटली होती. तिच्यातले थोडे त्याने लहानशा कुपीत काढून दिले. मी बाजारातून त्याच नावाचे तेल आणले. सहा मिलिलिटरची काचेची कुपी आणि तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिलेली चिठ्ठी. तिसरे माझ्या हौसेचे, कनोजचे खसाचे अत्तर. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या कडा कापून आमच्या सौ.ने पट्ट्या केल्या, मागे क, ख, ग लिहिले आणि कोणते अक्षर कशाचे ते मलाही सांगितले नाही. परीक्षक चार: माझी आई, स्वतः पुतण्या, मी, आणि शेजारचे दादाजी, ज्यांची उमर भंडाऱ्याची पितळी भांडी घडवण्यात गेली.

पहिल्या दहा मिनिटांचा निकाल ऐका. दादाजींनी आणि मी खऱ्या बाटलीला कौल दिला. आईने खसाची पट्टी नाकाला लावली आणि म्हणाली, "मले त हाच बरा वाटते. कूलरच्या ताटीचा वास हाय हा." विदर्भातल्या मे महिन्यात ओल्या वाळ्याच्या ताटीमागे जो झोपला आहे त्याला यावर बोलायचे काही उरत नाही. आणि पुतण्या? त्याने छातीठोकपणे उचलली ती दोनशेंच्या तेलाची पट्टी. "ही खरी!"

हसू नका. त्याचे नाक वाईट नाही. आजकाल कोणताही गाजलेला सुगंध यंत्रात घालून त्यातले घटक एकेक करून वेगळे काढता येतात. गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणतात त्या पद्धतीला. नक्कल करणाऱ्याला निम्मी पाककृती तिथेच मिळते. अडते ते पुढे. एकेका नैसर्गिक तेलात शेकडो घटक असतात, आणि काही रेणू तर मोठ्या कंपन्या स्वतःपुरतेच राखून ठेवतात, बाजारात विकतच नाहीत. शिवाय स्वस्त मालात पैसा घातला जातो तो पहिल्या झुळकेत. कारण दुकानात गिऱ्हाईक हुंगते ते तेवढेच.

म्हणून मी त्या पट्ट्या फेकू दिल्या नाहीत. संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा हुंगल्या. लिंबाच्या जातीचा वरचा वास पाव तासात उडतो, मधला काही तास टिकतो, आणि मागे राहतो तो तळाचा. खऱ्या बाटलीच्या पट्टीवर अजून कोरड्या लाकडासारखे काही जिवंत होते. दोनशेंच्या पट्टीला नुसत्या साबणाचा गोडसर वास उरला होता. हा फरक पुतण्यालाही कळला. त्याने मान हलवली. चार माणसांची परीक्षा म्हणजे काही शास्त्र नव्हे, आणि फवारा मद्यार्कातला तर अत्तर तेलातले. एक दूरवर पसरतो, दुसरे अंगाला चिकटून बसते. पण आमच्या घरापुरता निकाल लागला: पहिला तास बरोबरीचा, सहावा तास महागाचा.

मात्र दुपारी सौ.ने एक खोडी केली होती, ती सांगायलाच हवी. तिने पुतण्याला तीच दोनशेंची पट्टी पुन्हा दिली आणि सांगितले, "ही बाजारातली." त्याने नाक मुरडले! "बघा काकू, डोके दुखते." सकाळी हीच पट्टी 'खरी' होती. कॅलिफोर्नियात २००८ साली असाच प्रयोग वाइनवर झाला होता. तीच वाइन जास्त किमतीची म्हणून दिली तर लोकांना ती अधिक आवडली, आणि मेंदूचा सुखाशी जोडलेला भागही तेव्हा अधिक जागा झालेला यंत्रात दिसला. म्हणजे पुतण्या खोटे बोलत नव्हता. त्याचे डोके खरोखरच दुखले असेल.

आता अस्सलपणाचे पाहू. या महागड्या बाटलीच्या तळाशी जे द्रव्य आहे त्याचे नाव अँब्रॉक्सन. ते अंबरची जागा घेते. अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून निघणारे ते दुर्मीळ द्रव्य, 'व्हेलची उलटी' म्हणून ज्याच्या तस्करांना आपल्याकडे अधूनमधून अटक होते. देवमासा संरक्षित असल्याने भारतात ते बाळगणे हाच गुन्हा आहे. अँब्रॉक्सन क्लॅरी सेज नावाच्या झुडपापासून मिळणाऱ्या द्रव्यातून करता येते. तात्पर्य, दहा हजारांची बाटलीसुद्धा पर्यायावरच उभी आहे! ही रीतही जुनी. पर्किनने कूमारिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत केले, १८७४ मध्ये व्हॅनिला शेंगेचा वास तसाच तयार झाला, आणि १९२१ च्या शॅनेल नंबर फाइव्हची कीर्ती चमेलीइतकीच कृत्रिम आल्डिहाइडांवरही झाली. उलट कनोजला तांब्याच्या देगेत फुले उकळून ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, ते अत्तर घ्यायला जा. खरे चंदनाचे तेल असेल तर किंमत ऐकून तुम्ही पॅरिसला स्वस्त म्हणाल. बाजारातल्या स्वस्त कुपीत चंदनाच्या जागी बहुधा खनिज तेल असते.

मग नक्कल हा गुन्हा की नाही? २००६ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगंधाला लेखकाचा हक्क लागू होत नाही, आणि त्याच महिन्यात हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की होऊ शकतो! वासाबद्दल विद्वानांचेही आमच्या घरासारखेच. पण २००९ साली युरोपच्या न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली. आमचा हा वास अमक्या नामांकित सुगंधासारखा आहे, अशी नावांची यादी दाखवून माल विकणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा गैरफायदा घेणे.

दादाजींना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, यात नवीन ते काय? पितळ घागर म्हणून विकली तर अस्सल. सोने म्हणून विकली तर नकली. धातू तोच."

मला तर यापलीकडे न्यायालयांना काही सांगायचे होते असे वाटत नाही. आपल्याच नावाने विकली जाणारी स्वस्त बाटली खुशाल घ्यावी. भीती तिसऱ्याच प्रकाराची: खोके तेच, शिक्का तोच, आणि किंमत पाचशे. पुतण्याच्या एका दोस्ताने अशी एक शिशी कुठल्याशा स्टॉलवर घेतली आणि आठवडाभर मान लाल करून हिंडला. तिच्यात काय होते कोण सांगणार? बनवणाऱ्याचे खरे नावच जिथे नाही, तिथे जाब विचारायचा कोणाला! दोनशेंचे तेलसुद्धा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावे. आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात तापलेली कुपी घेऊ नये. ऊन सुगंधाला खाते.

हप्त्याचा हिशेब मी शेवटी केलाच नाही, कारण त्याने पुन्हा विचारले नाही. परवा पाहिले तर ती सहा मिलिलिटरची कुपी माझ्या टेबलावरून नाहीशी झालेली. आईने सांगितले, त्यानेच नेली. नेण्याआधी ओसरीवर बसून बॉलपेनच्या नावाची ती चिठ्ठी नखाने खरडत होता, आणि जाताना आजीच्या डबीतून खसाचाही एक फाया कानात ठेवून गेला.