जलालपूरच्या लक्ष्मीबाई आणि संकटाआधीची तयारी

नाशिकच्या गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या धबधब्याकडे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की जवळच गोदाकाठी असलेल्या जलालपुरात १८६८ साली मनकर्णिका गोखले जन्मली. पुढे ती लक्ष्मीबाई टिळक झाली. तिच्या वडिलांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात आलेलं मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई. संकटाने हादरलेल्या माणसाने पुन्हा काही बाधू नये म्हणून आयुष्यभर केलेली ही तटबंदी होती. त्या तटबंदीने भीती कमी झाली नाही, उलट ती साऱ्या घराच्या वाट्याला आली.

खरं संकट वेगळ्याच दाराने आलं. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना १८९३ मध्ये रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला न सांगता. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. नवरा जिवंत, पण घर तुटलेलं. काही वर्षं त्या टिळकांपासून दूर, नातेवाइकांकडे पंढरपुरात राहिल्या.

त्यांचं नंतरचं परिवर्तन पाहताना चटकन नजरेआड होतात ती मधली वर्षं, आणि शिकण्यासारखं आहे ते त्यांतच. त्या टिळकांकडे नगरला आल्या, तरी बराच काळ सोवळं आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी झगडत सोडवला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या आग्रहाखातर नव्हे. ज्या श्रद्धेवर पुढची सगळी दुःखं पेलायची होती, ती त्यांनी अशी एकेक पाऊल टाकत स्वतःची करून घेतली.

ख्रिस्ती मंडळीत संकटाच्या तयारीविषयी बोलताना पाळकसाहेब हमखास इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढतात. बंदिवासातल्या पौलाच्या नावाने असलेल्या या पत्रात सैनिकाच्या वेषातून देवाची शस्त्रसामग्री मांडली आहे: सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तरवार. यात वार करण्याचं साधन एकच, तरवार, आणि ती म्हणजे देवाचं वचन. त्याआधी पौल बजावतो, की झगडा रक्तामांसाच्या माणसांशी नाही. समोरचा भाऊ, सासू, शेजारी हा शत्रू नव्हे, हे आधी मनात ठरलेलं नसेल तर भांडणाच्या ऐन क्षणी ते सुचत नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात याचा दाखला सापडतो. ज्या आप्तांनी त्यांना दुखावलं, त्यांचीही चित्रं तिथे मायेने आणि विनोदाने रंगलेली आहेत.

तयारी संकटाआधीच करावी लागते, हे गेथशेमाने बागेतला प्रसंगही दाखवतो. जागे राहा, प्रार्थना करा, असं येशूने शिष्यांना सांगितलं आणि ते झोपले. थोड्याच वेळात येशूला धरायला शिपाई आले. शिष्य पेत्राने तरवार उपसली, आणि त्याच रात्री येशूला ओळखत नाही असंही तो म्हणाला. स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती. प्याला टळला नाही. प्रार्थना ही संकट न येण्याची हमी आहे, असं जे शिकवतात ते ही बाग वगळूनच शिकवतात.

लक्ष्मीबाईंनाही सूट मिळाली नाही. प्लेग आला, हलाखी आली, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकराव्या अध्यायातच थांबलं होतं. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या या बाईने त्यात साठांहून अधिक अध्यायांची भर घालून ते पुरं केलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचं निधन झालं आणि ग्रंथ १९३८ मध्ये छापला गेला.

नाशिकच्या ख्रिस्ती घरांत ही तयारी आजही वर्षाच्या चक्रात बसवलेली आहे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, असते. कुणी नोकरीचं मागणं घेऊन येतं, कुणी आजारपणाचं. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागतो, रविवार सोडून चाळीस दिवसांचा. कुणी नोकरीचं मागणं घेऊन येतं, कुणी आजारपणाचं. कॅथलिक मंडळी या दिवसांत पापनिवेदनालाही जातात. आणि टिळकांना ज्याने धरून ठेवलं त्याच डोंगरावरच्या प्रवचनात एक अट आहे: भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. वाटणीच्या भांडणात वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावांसाठी चाळीस दिवसांच्या उपवासापेक्षा ही अट अवघड आहे.