आमच्या घरी सर्व्हर आला

"बाबा, घरी सर्व्हर लावायचा आहे," असे आमच्या चिरंजीवांनी गेल्या मे महिन्यात जेवताना जाहीर केले, तेव्हा माझा घास हातातच राहिला. मी मराठी शिकविणारा मनुष्य. सर्व्हर ही वस्तू मला ठाऊक ती बँकेत हमखास ऐकू येणाऱ्या 'डाउन आहे' या दोन शब्दांवरून. ती मुद्दाम घरात का आणावी?

कारण मात्र खरे निघाले. 'माइनक्राफ्ट' नावाचा ठोकळ्यांचा एक खेळ आहे. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने तो २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. चिरंजीव आणि त्यांचे चार मित्र यांनी दोन वर्षे खपून त्यात एक अख्खे गाव वसविले होते. वेस, तळे, किल्ला, सारे काही. गाव होते भाड्याच्या सर्व्हरवर. भाड्याची मुदत संपत आली, आणि त्याच सुमारास एका मित्राच्या वडिलांची गुवाहाटीला बदली झाली. "तो गेला तरी गाव राहिलं पाहिजे," एवढेच चिरंजीव म्हणाले. पुढे मला काही बोलवेना.

दुकानातल्या गृहस्थांनी सोळा कोअरचा प्रोसेसर, रंगीबेरंगी दिव्यांची पेटी आणि एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड पुढे मांडले. आकडा लाखाच्या घरात गेला. मी भिडेखातर मान डोलावणार, तोच चिरंजीवांनी मला बाहेर ओढले.

"बाबा, सर्व्हर चित्र काढतच नाही. चित्र ज्याच्या त्याच्या संगणकावर उमटतं!"

आणि सोळा कोअर? या खेळातले जग सेकंदाला २० पावले टाकते, म्हणजे एका पावलाला ५० मिलिसेकंद. आणि हे काम मुख्यतः एकाच कोअरवर चालते. लग्नाला सोळा भटजी बोलावले म्हणून सप्तपदी सोळापट लवकर उरकत नाही. एकच हवा, पण चपळ हवा. शिवाय फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी हवी, कारण खेळाडू नव्या मुलखात शिरला की तो मुलूख भराभर लिहावा-वाचावा लागतो.

विजेचा हिशेब हिने मांडला. ६० वॅट खाणारा डेस्कटॉप अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट. १५ वॅटचा लॅपटॉप असेल तर ११.

शेवटी माझाच जुना लॅपटॉप निवडला गेला. 'ल' आणि 'ळ' ज्या एकाच कळीवर असतात ती निखळल्यापासून तो कपाटात पडून होता. (मराठीच्या माणसाचे ल-ळ गेल्यावर उरते काय?) ८ जीबी मेमरी पाच पोरांना पुरेशी होती, आणि वीज गेली तर बॅटरी होतीच. राउटरसाठी मात्र छोटा यूपीएस घ्यावा लागला. लॅपटॉप वायफायवर न ठेवता तारेने जोडला.

पहिल्या रात्री गुवाहाटीकर आत येईना. आमचा इंटरनेटवाला अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो, असे कळले. पाकिटावर चाळीचे नाव आहे, खोलीचा क्रमांक नाही; पोस्टमनने करावे काय? जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला आणि राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाचे दार उघडले.

साडेदहाच्या सुमारास पडद्यावर त्याचे नाव उमटले. मला वाटले, चिरंजीव आता ओरडून घर डोक्यावर घेणार. ते हळूच म्हणाले, "वेशीपाशी ये. तुझं घर तसंच ठेवलंय."