तेरा आठवड्यांचा करार

अमेरिकेत रुग्णालयाला नर्स कमी पडल्या की ते एजन्सीमार्फत बाहेरगावची नर्स मुदतीवर बोलावते. मुदत बहुधा 13 आठवड्यांची. याला ट्रॅव्हल नर्सिंग म्हणतात.

जाहिरातीतला आठवड्याचा आकडा डोळे दिपवतो. तो फोडून पाहावा. त्यात तासाचा करपात्र पगार वेगळा आणि घरभाडे-जेवणाचा भत्ता वेगळा. हा भत्ता करमुक्त ठरतो तो मूळ गावच्या घराचा खर्च खरोखरच चालू असेल तर. बिऱ्हाड मोडून निघालेल्या नर्सला त्यावरही कर पडतो. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त काम करायचे ठरले, तरी सवलत जाते.

करारात सर्वांत आधी शोधावे ते हमीच्या तासांचे कलम. रुग्ण घटले की बहुधा पहिली पाळी रद्द होते ती या पाहुणीचीच, आणि हमी नसेल तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. दुसऱ्या वॉर्डात पाठवणार का, करार मध्येच मोडला तर काय, हेही लेखी हवे. एजंट गोड बोलतात. तो त्यांचा धंदा आहे.

परवान्याचे म्हणाल तर सुमारे 40 राज्यांत एकच बहुराज्य परवाना चालतो, मात्र नर्सचे कायमचे घर त्यांपैकीच एका राज्यात हवे. कॅलिफोर्निया या व्यवस्थेत नाही. तिथला परवाना आधी काढावा लागतो.

सही करण्यापूर्वी भत्ता वगळून तासाचा दर किती, हे एजन्सीकडून लिहून घ्या.