होल्डरनेसचा ढासळता किनारा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, होल्डरनेस नावाचा सुमारे ६० किलोमीटर लांबीचा किनारा आहे. कोकणच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या वाचकाला येथील कड्यांना कडे म्हणणे जड जाईल. हिमयुगात बर्फाने वाहून आणलेली चिकणमाती आणि तीत रुतलेले दगडगोटे, एवढाच काय तो त्यांचा ऐवज! वरून पावसाचे पाणी मुरते, खालून लाटा पायथा पोखरतात, आणि एखाद्या हिवाळी रात्री शेताची कड उभ्या पिकासह खाली येते. दरसाल सरासरी दोन मीटरांच्या आसपास भूमी अशी सागरार्पण होते. रोमन अमदानीपासून सुमारे तीस खेडी येथून नाहीशी झाली आहेत.

मॅपलटन हे चिमुकले गावही त्याच वाटेवर होते. समुद्र किनाऱ्याच्या हमरस्त्याला भिडू लागला, तेव्हा १९९१ साली सुमारे वीस लाख पौंड खर्चून समुद्रात दोन आडवे दगडी बांध घालण्यात आले. ग्रॅनाइटचे धोंडे नॉर्वेहून आणले. उपाय गुणकारी ठरला. बांधांपाशी वाळू साठली, रुंद पुळण तयार झाली, लाटांचा जोर तिच्यावरच ओसरू लागला आणि गाव वाचले.

परंतु ही वाळू आली कोठून? उत्तरेकडील कडे ढासळतात, त्यांची माती पाण्यात विरून जाते, आणि उरलेली वाळू लाटांबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सरकते. वाटेतल्या प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी ती काही काळ विसावते. तेवढा काळ तीच त्या कड्याची ढाल असते. मॅपलटनच्या बांधांनी ही वाळू अडवली. साहजिकच दक्षिणेस ग्रेट काउडनच्या बाजूला पुळण रोडावली, उघड्या पडलेल्या कड्यावर लाटा थेट आदळू लागल्या आणि धूप पूर्वीपेक्षा वाढली. तेथील एका शेतकरी कुटुंबाचे गोठे, कोठारे आणि अखेर राहते घरही गेले.

मॅपलटनकरांना दोष तरी कसा द्यावा? डोळ्यांदेखत घर चाललेले असताना शेजारच्या कड्याचा हिशेब कोण मांडणार? तो मांडणे सरकारचे काम. आज तेथे मोठी गावे आणि मोक्याची ठिकाणे तेवढी राखायची, उरलेला किनारा समुद्राच्या स्वाधीन राहू द्यायचा, असे धोरण आहे. मात्र घर समुद्रात गेले तर त्याची किंमत भरून मिळण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंडात नाही. काउडनच्या त्या कुटुंबालाही तो नव्हता.